संकट मोजता येऊ द्या

भव्य साहसपट बनवणाऱ्या दिग्दर्शक, लेखक, निर्माते आणि स्टुडिओवाल्या मंडळींना,

स.न.वि.वि.

या पत्राला निमित्त झाला माझ्या अकरा वर्षांच्या भाचीचा एक प्रश्न. तुमच्यापैकीच कुणाचा तरी नवा सिनेमा आम्ही थिएटरात बघत होतो. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं चालली होती. आकाशातून निळा झोत जमिनीवर कोसळतोय, काळ्या चिलखतातले हजारो कुणीतरी चहूबाजूंनी धावून येतायत, वरून काहीतरी उडणारं आग ओकतंय आणि संगीत केव्हाचंच टिपेला जाऊन तिथे अडकून बसलंय. भाची माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मामा, यातले आपले कोण?" मी नीट निरखून बघितलं. मलाही सांगता आलं नाही.

तुमच्या सिनेमांना 'गल्लाभरू' म्हणून एका शब्दात निकालात काढणाऱ्यांतला मी नाही. उलट मला जास्त राग येतो तो तुमची बाजू घेणाऱ्यांचा. "अरे, तो डोकं बाजूला ठेवून बघायचा असतो!" म्हणे. चांगला साहसपट बघताना डोकं जितकं भरधाव पळतं तितकं एरवी क्वचितच पळत असेल. दरी किती रुंद, दोर किती लांब, वात विझायला किती वेळ, मागून येणारे किती आणि त्यातल्या कितींच्या हातात बंदूक. हे सगळे हिशेब प्रेक्षक क्षणाक्षणाला मनात मांडत असतो, आणि हिशेब चालू असतो म्हणूनच खुर्चीचा हात घट्ट धरला जातो. माझं सगळं म्हणणं एवढ्या एका गोष्टीभोवती आहे. पडद्यावरचं संकट आम्हाला मोजता आलं पाहिजे. ही विद्या तुमचीच आहे, आणि अलीकडे तुम्हीच ती विसरत चालला आहात.

१९८१ च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मधला ट्रकचा पाठलाग आठवा. सोन्याने मढवलेली पेटी ट्रकमध्ये, ट्रकच्या पुढेमागे सैनिकांच्या गाड्या, आणि नायक एकटा, घोड्यावर. एवढं कळलं की पुढे संवादांची गरजच उरत नाही. तो ट्रकच्या केबिनमध्ये शिरतो. दंडात गोळी लागते. पुढच्या काचेतून त्याला बाहेर भिरकावलं जातं. तो ट्रकच्या तोंडाला लोंबकळतो, हाताला लागेल ते वाकतं, तुटतं. मग तो ट्रकखाली शिरतो, पोटाखालून मागे सरकत जातो, चाबकाला धरून धुळीतून फरफटत राहतो, मागून वर चढतो आणि कडेकडेने परत केबिनपाशी येतो. चालत्या ट्रकला त्याने अख्खी प्रदक्षिणा घातलेली असते, आणि त्यातल्या प्रत्येक क्षणी तो नेमका कुठे आहे, जिंकायला किती अंतर उरलंय, हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

ट्रकखालची ती करामत टेरी लेनर्ड या स्टंटमनची. अंगाखाली जागा मिळावी म्हणून रस्त्याच्या मधोमध चर खणला होता. कल्पना मात्र जुनी. १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये याकिमा कनट हा स्टंटमन धावत्या घोड्यांच्या मधून आणि गाडीच्या खालून असाच गेला होता. (हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.)

मला त्या पाठलागाइतकाच त्यानंतरचा बोटीवरचा प्रसंग आवडतो. नायकाचं अंग असं काही ठणकतंय की कुठे हात लावावा हाच प्रश्न, आणि प्रेमप्रसंग रंगात यायच्या आत गडी झोपून जातो. मघाची मारामारी फुकट झाली नव्हती, तिची वसुली अंगातून होते. तुमच्या हल्लीच्या नायकांना विसाव्या मजल्यावरून पडल्यावर कपाळावर एक देखणी ओरखड येते, तीही पुढच्या दृश्यात कुठे जाते कोण जाणे.

मोजण्याच्या बाबतीत सगळ्यांत कडक मास्तर म्हणजे जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा. १९५४ चा 'सेव्हन सामुराय' तीन तासांहून कितीतरी मोठा आहे, पण त्यात प्रेक्षकाचा हिशेब एकदाही चुकत नाही. गावावर चालून येणारे दरोडेखोर चाळीस. सामुरायांचा म्होरक्या कागदावर त्यांची वर्तुळं काढतो, एकेक पडला की फुली मारतो. गावाच्या वाटा अडवलेल्या, एकच मुद्दाम उघडी. तीतून एखाद-दुसरा घोडेस्वार आत घ्यायचा आणि वाट पुन्हा बंद करायची. शत्रूकडे बंदुका फक्त तीन. एक सामुराय रात्री एकटाच जाऊन त्यातली एक घेऊन येतो. दुसरा त्याच्या ईर्षेने दुसरी आणायला जातो, त्याची जागा मोकळी पडते आणि तिथे माणसं मरतात. सातांपैकी चौघे सामुराय जातात, चौघेही गोळीने. तलवारीने त्यांना कुणी हरवत नाही. पावसातल्या चिखलातल्या शेवटच्या लढाईआधी म्होरक्या सांगतो की तेरा उरलेत, आता सगळ्यांना आत येऊ द्या. त्या 'तेरा' शब्दाला जो दरारा आहे तो तुमच्या तेरा लाखांच्या संगणकी सैन्याला नाही, कारण त्याच्यामागे सत्तावीस फुल्या आहेत आणि त्यातली प्रत्येक आम्ही पडताना बघितली आहे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मोठ्या फौजा दाखवायच्याच नाहीत का? तसं मुळीच नाही. २००२ च्या 'द टू टॉवर्स'मध्ये किल्ल्यात तीनशे आणि बाहेर दहा हजार असं सरळ सांगितलेलं आहे. त्या फौजांसाठी 'मॅसिव्ह' नावाचं सॉफ्टवेअर मुद्दाम तयार केलं गेलं, ज्यात गर्दीतला प्रत्येक संगणकी सैनिक आजूबाजूला बघून आपली हालचाल स्वतः ठरवतो. तंत्र अफाट होतं. पण ती लढाई चालते ती तटबंदीमुळे. आधी बाहेरचा तट, मग दरवाजा, मग आतला बालेकिल्ला. तटात एक कच्ची जागा, सांडपाण्याची मोरी. ती फुटली की एक पायरी गेली. दहा हजार डोकी कुणी मोजत नाही, पण किती पायऱ्या उरल्या हे प्रत्येक जण मोजतो. आणि मदत केव्हा येणार तेही आधीच सांगून ठेवलेलं, म्हणून पहाटेच्या उजेडाकडेही आपण हिशेबाने बघतो. त्यामुळे आकडा मोठा असल्याचं मला काही वाटत नाही. आकड्याला खाचा पाडलेल्या नसतात, याचं वाटतं.

'जॉज'चं उदाहरण तर तुमच्या धंद्याच्या अंकलिपीतलं आहे. १९७५ साली उन्हाळ्यात एकाच वेळी चारशेहून जास्त थिएटरांत लावून, टीव्हीवर धडाक्याने जाहिरात करून तुम्ही आजच्या ब्लॉकबस्टरचा पाया घातलात तो या सिनेमाने. यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून तो फारसा दाखवताच आला नाही आणि त्यामुळेच भीती वाढली, ही गोष्ट तुम्ही दर मुलाखतीत सांगता. मला त्यातले पिवळे पिंप जास्त महत्त्वाचे वाटतात. शार्कला दोरीने पिंप अडकवायचं, म्हणजे तो खोल जाऊ शकणार नाही. एक पिंप. दोन. तीन. तीन पिंपं घेऊन कुठलाही मासा बुडी मारू शकत नाही अशी समजूत असते, आणि तीनही पिंपं सर्रकन पाण्याखाली जातात. पडद्यावर दिसतं काय, तर रिकामं पाणी. भाचीने हे घरी बघितलं तेव्हा ती तीनपर्यंत मोठ्याने मोजत होती. तिसरं गेल्यावर गप्प झाली.

म्हणजे न दाखवण्यातली जादू म्हणतात ती पूर्ण खरी नाही. न दिसणाऱ्या गोष्टीची काहीतरी खूण, काहीतरी माप हातात दिलेलं असावं लागतं. 'जुरासिक पार्क' (१९९३) दोन तासांवर चालतो, आणि त्यात डायनासोर असतात जेमतेम पंधरा मिनिटं. बाकीचं काम पाण्याच्या पेल्यातल्या तरंगांनी केलं. ते तरंग उठावेत म्हणून खालून गिटारची तार ताणून छेडली होती म्हणे सेटवर. एका तारेवर एवढी भीती!

घाई हा तुमचा अलीकडचा दुसरा आजार. १९६२ च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मध्ये वाळवंटाच्या कडेवर मृगजळात एक ठिपका थरथरतो. तो माणूस आहे, उंटावर आहे, आपल्याकडे येतोय, हे कळायला वेळ लागतो आणि दिग्दर्शक तो वेळ देतो. डेव्हिड लीनने तिथे अंतर मोजायला लावलं. आज त्या जागी तुमचा कॅमेरा ड्रोनसारखा सूं करून उंटाच्या नाकपुडीपर्यंत गेला असता.

कॅमेऱ्याचं निघालंच आहे तर सांगतो. संगणकातला कॅमेरा कुठेही जाऊ शकतो, भिंतीतून, आगीतून, स्फोटाच्या पोटातून. आणि जो कुठेही जाऊ शकतो तो कुठेच उभा नसतो. मग आम्ही तरी कुठे उभं राहायचं? जॉर्ज मिलरच्या २०१५ च्या 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये कट कमी नाहीत, हजारोंनी आहेत. पण महत्त्वाची गोष्ट दर वेळी चौकटीच्या मध्यावर ठेवली, त्यामुळे डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. मार्गारेट सिक्सेल यांना त्याच्या संकलनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नव्हे. आणि कथा केवढी, तर एका दिशेने जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. जाताना बघितलेली खिंड परत येताना पुन्हा लागते, आणि तिथे काय होऊ शकतं हे आपल्याला आधीच माहीत असतं.

गैरसमज नको, 'पूर्वी सगळं खरं होतं, आता सगळं खोटं' हे रडगाणं मी गाणार नाही. 'फ्युरी रोड'मध्येही संगणकाची मदत घेतलेली शॉट्स ढिगाने आहेत. साहसपट पहिल्यापासून खोटाच आहे. रे हॅरीहाउसेनने 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' (१९६३) साठी सात सांगाड्यांची लढाई एकेक फ्रेम हलवत केली. पडद्यावरच्या काही मिनिटांसाठी चार महिन्यांवर काळ लागला. ते सांगाडे खरे वाटतात असं कुणीच म्हणणार नाही. पण ते सात आहेत, आणि सातच्या सात वेगवेगळे लढतात.

आणि व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावरची दृश्यकरामत, वाईट झालं म्हणून ते करणाऱ्यांना शिव्या घालणंही मला पटत नाही. पटकथा पक्की व्हायच्या आधी तुम्ही प्रदर्शनाची तारीख जाहीर करता, मारामाऱ्यांचे आराखडे वेगळ्याच टीमकडून आधी बनवून घेता, आणि शेवटच्या महिन्यात कुणाला तरी वाटतं की खलनायक वेगळा हवा. हे सगळं निस्तरायचं कुणी? २०१३ मध्ये 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ घडवणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज' कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याच कामासाठी ऑस्कर घ्यायला तिची माणसं मंचावर उभी होती. बाहेर रस्त्यावर व्हीएफएक्स कामगारांची निदर्शनं चालू होती. मंचावर कंपनीच्या अडचणीचा विषय निघाला तसं भाषण आटोपतं घ्या म्हणून संगीत सुरू झालं. कोणतं, तर 'जॉज'चं. एवढा कडवट विनोद तुमच्या कुठल्याच लेखकाला सुचला नसता.

विनोदावरून आठवलं. हल्ली तुमच्या सिनेमात कुणी जिवाभावाचं बोलायला लागलं की दुसरं पात्र लगेच काहीतरी फिसकन बोलून ते पाडतं. प्रेक्षक रडला तर त्याला लाज वाटेल अशी काळजी तुम्हाला का वाटते? विनोद साहसाला हवाच. 'रेडर्स'मध्येच तो तलवारबाज आठवतो, लांबलचक पट्टा फिरवून दाखवणारा, आणि वैतागून त्याला एका गोळीत संपवणारा नायक. तिथे मोठी मारामारी ठरली होती. ट्युनिशियातल्या चित्रीकरणात नायक झालेल्या हॅरिसन फोर्डला हगवण लागली, उभं राहवेना, म्हणून ती एका गोळीवर आटोपली. पण तो विनोद प्रसंगाला धरून आहे. थकलेल्या, घाई असलेल्या माणसाने जे केलं असतं तेच तो करतो.

नायक मरणार नाही हे आम्हाला तिकीट काढतानाच ठाऊक असतं, त्यामुळे मेलेल्यांना दुसऱ्या विश्वातून किंवा दुसऱ्या काळातून परत आणता याबद्दल मी फार बोलत नाही. फक्त एकच की परत येण्याचीही काही किंमत ठेवा. श्रेयनामावलीनंतरच्या अर्ध्या मिनिटात हसत दारात उभा राहणारा मेलेला माणूस बघितला की मागच्या सिनेमात त्याच्यासाठी गाळलेली टिपं परत मागाविशी वाटतात.

जी गोष्ट मला खरोखर टोचते ती वेगळी आहे. तुमच्या शेवटच्या लढाईत शहरं पडतात. इमारती कागदासारख्या फाटतात, पूल तुटतात, रस्ते उलटेपालटे होतात. त्या इमारतींत माणसं होती ना? किती? तुम्ही सांगत नाही, कारण सांगितलं तर सिनेमा थांबेल. आकडाच नसला की कुणासाठी थांबायला नको. 'ब्लॉकबस्टर' हा शब्द मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बचा, वस्तीचा अख्खा तुकडा उडवणाऱ्या मोठ्या बॉम्बना वर्तमानपत्रं तसं म्हणत. तुम्ही तो शब्द जरा जास्तच मनावर घेतलेला दिसतो.

न मोजलेल्या माणसांत अजून एक जमात आहे. नायक ज्या 'दूरदेशी' जातो तिथली माणसं. ती एकतर वाट दाखवतात, नाहीतर भाले फेकतात, नाहीतर नायकाच्या पायाशी बसून आभार मानतात. 'टेम्पल ऑफ डूम' (१९८४) मध्ये अमरीश पुरींनी मोला राम हा खलनायक असा काही केला की अजून अंगावर काटा येतो. पण त्यातला आपला देश कुणाला ओळखू येतो? पटकथा वाचून भारत सरकारशी जमलं नाही, आणि चित्रीकरण श्रीलंकेत झालं. शिवाय या सगळ्या सिनेमांत एक गोष्ट गृहीतच असते, की जुन्या देवळातली मूर्ती खलनायकाच्या हाती लागली तर चोरी आणि नायकाने नेली तर संशोधन. मूर्ती ज्यांची आहे त्यांना एकदा तरी बोलू द्या, केवढी चांगली गुंतागुंत तयार होईल कथेत.

स्टंटवाल्यांना तुम्ही उशिरा का होईना मोजायला घेतलं, त्याचा आनंद आहे. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०२५ मध्ये स्टंट डिझाइनचा पुरस्कार जाहीर केला, तो २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या सिनेमांपासून लागू होईल. म्हणजे शंभराव्या सोहळ्यात! मूकपटांच्या काळातल्या बस्टर कीटनने १९२८ मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत अंगावर पाडून घेतली होती, खिडकीच्या चौकटीएवढ्या जागेत उभं राहून. तेव्हापासूनची ही उधारी आहे.

आता त्या लक्षात ठेवायला सांगितलेल्या नावाकडे येतो. 'स्टेजकोच'मधल्या याकिमा कनट यांनीच पुढे १९५९ च्या 'बेन-हर'मधली रथांची शर्यत बसवली. शर्यत सुरू असताना पार्श्वसंगीत नाही. टापा, चाकं, चाबूक आणि गर्दी, एवढाच आवाज. आणि मैदानाच्या मधोमध धातूच्या डॉल्फिन माशांची एक रांग. एक फेरी झाली की एक मासा खाली झुकतो. बस. कितवी फेरी, किती उरल्या, हे सांगायला कुणी समालोचक ओरडत नाही.

तुमच्या पुढच्या सिनेमाची तिकिटं मी काढलेली आहेत, भाचीचं आणि माझं. निळा झोत असला तरी चालेल, चिलखतवाले असले तरी चालतील. कुठेतरी मधोमध एक माशांची रांग तेवढी ठेवा. भाची मोजेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मधल्या रांगेतला एक प्रेक्षक